साळूबाईसाहेबांच्या लग्नास जागा पाहिली त्याची बखर

श्री. प्रथम गजाननास नमन, मग सरस्वतीस, आणि तिसरें नमन त्या भूमीस, जी कोणाचाही मांडव पाठीवर घेते आणि उठला म्हणजे कुरकुर करीत नाहीं. शके सोळाशें नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, माघमासीं श्रीमंत रखमाजीराव यांच्या कन्या साळूबाईसाहेब यांचा विवाह झाला. तो कोठें झाला, कसा झाला, आणि ती जागा कोणीं पाहिली, हें साद्यंत लिहावें अशी कोणाची आज्ञा नाहीं. आज्ञा करणारे गेले. लिहिणार फडावरील एक कारकून, नांव सांगण्याजोगें नाहीं; परंतु जागा पाहणारा तोच, मोजणारा तोच आणि यादी लिहिणाराही तोच, म्हणून जें घडलें तें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक नाहीं. आतां वय झालें, आणि ही गोष्ट मनांत तशीच ठेवून जावें हें बरें वाटत नाहीं, म्हणून लिहितों.

राज्य म्हणावें तर दोनशें दहा गांवांचें, एक किल्ला आणि दीड नदी. दीड म्हणण्याचें कारण, दुसरी नदी दसऱ्यानंतर दिसत नसे. श्रीमंत स्वभावें उदार आणि तापट, आणि उदारपणाही तापटपणानेंच करीत. त्यांच्या मनांत एक सल होता. वडील चिरंजीवांच्या लग्नांत अकराशें असामी बोलाविले, आणि त्या गडबडींत डोंगरपट्ट्याचे एक सरदार बोलावण्याचे राहून गेले. ते सरदार नऊ वर्षें दरबारास आले नाहींत, आणि पुढें शत्रु चालून आला तेव्हां आपले तीनशें स्वार घेऊन टेकडीवर उभे राहिले आणि लढाई पाहत राहिले, आणि संपल्यावर म्हणाले, "आम्हांस बोलावणें नव्हतें." तेव्हांपासून श्रीमंतांनीं मनाशीं धरिलें जे, साळूच्या लग्नांत बोलावण्यावांचून एक मनुष्य राहतां कामा नये. मग दसऱ्याच्या दरबारांत विडा हातीं घेऊन बोलले, "दोनशें दहा गांवांस चूलबंद आवतण द्या. लग्नाचे दिवशीं माझ्या राज्यांत एका घरावर धूर दिसला, तरी ती माझी अप्रतिष्ठा." चूलबंद आवतण म्हणजे घरचें कोणीं मागें राहावयाचें नाहीं, म्हातारें, तान्हें, आला-गेला पाहुणा, गडीमाणूस, सर्वांनीं जेवावयास यावें आणि घरची चूल पेटवूं नये. एका घरास, फार तर एका वाडीस असें आवतण देण्याची चाल आहे. सबंध राज्यास दिल्याचें कोणीं ऐकिलें नव्हतें. दरबारानें वाहवा केली. आम्हीही केली, आणि मोठ्यानें केली. मग अक्षता घेऊन स्वार चहूंकडे सुटले, आणि सुटून सात दिवस झाल्यावर येसोपंत कारभारी फडावर आले आणि आमच्या कानाशीं लागून म्हणाले, "अहो, अक्षता तर गेल्या. चाळीस हजार पानें मांडावयाचीं कोठें?"

तेव्हां ध्यानांत आलें जे, आवतण आधीं गेलें आणि जागा पाहावयाची राहिली. येसोपंतांनीं तें काम आमच्या गळ्यांत घातलें, कारण आम्ही मोजण्यांत पक्के अशी आमची ख्याति होती. आम्हीं एक दोरी घेतली, आणि पागेचे हवालदार, जे देहानें आडवे, त्यांस मांडी घालून बसविलें आणि पुढें पान मांडिलें आणि वाढप्याची वाट धरिली, आणि एक मनुष्य जेवतांना किती भूमि व्यापतो तें दोरीवर गांठ मारून ठेविलें. मग ती गांठ घेऊन राज्य पालथें घातलें. प्रथम वाड्याचा चौक मोजिला, तों नऊशें पानें झालीं, तींही कारंजें बुजविलें तर. मग किल्ल्यावर गेलों, तों सपाटी पुष्कळ, आणि वारा असा कीं मांडवाचें कापड शेजारच्या राज्यांत जाऊन पडावें. किल्लेदार म्हणाले, "वर येतील हो सगळे, जेवणाच्या आशेनं चढतील. पण जेवल्यावर म्हाताऱ्या उतरवायच्या कुणी? मी नाही उतरवणार." मग नदीचें पात्र पाहिलें, तें रुंद आणि कोरडें आणि मनास फार आलें, परंतु वाळूंत मेख धरीना, आणि कडेकडेनें माळ्यांनीं कलिंगडांचे वेल लाविले होते. एक माळीण वेलांपुढें आडवी निजली आणि म्हणाली, "लग्न माझ्या अंगावरनं न्या." आम्ही परत फिरलों. मग रमणा पाहिला, तेथें हरणें. पागा पाहिली, तेथें घोडे आणि घोड्यांचा वास. तळें उपसावें काय अशीही एक मसलत निघाली, ती येसोपंतांनींच काढिली आणि त्यांनींच मागें घेतली. असा कार्तिक गेला. मुहूर्त ठरलेला, माघ शुद्ध त्रयोदशी, गोरज. व्याह्यांकडून दर आठ दिवसांनीं जासूद येई आणि विचारी, "वरात उतरावयाची कोठें?" आणि आम्ही त्यास जेवावयास घालून परत लावीत असूं.

अशांत एके सकाळीं साळूबाईसाहेबांनीं आम्हांस बोलावूं पाठविलें. बाईसाहेबांच्या मातोश्री त्या चार वर्षांच्या असतांना निवर्तल्या, आणि मग दहा वर्षें त्या खडकवणें गांवीं आजोळीं होत्या, मामा सटवोजी यांच्याजवळ. मामा गांवचे साधे वतनदार, दोन बैलांचे धनी, दरबारांत कधीं आले नाहींत. बाईसाहेब वाड्यांत परत येऊन चार वर्षें झालीं होतीं, तरी बोलण्यांत खडकवणें येतच असे. पडद्याआडून म्हणाल्या, "काका, तुम्ही जागा बघता म्हणे. माझी एक जागा बघाल का?" आम्ही म्हटलें, "आज्ञा." मग म्हणाल्या, "खडकवण्याला महादेवाच्या देवळापुढं फरसबंदी आवार आहे. मामाच्या दारातनं चार पावलं. मामाचे गुडघे गेलेत, त्याला लांब चालवत नाही. तिथं लग्न लागलं तर तो घरातनं उठून माझ्यामागं येऊन उभा राहील." आम्ही मनांत पानें मोजूं लागलों. तेव्हां बाईसाहेब हंसल्या आणि बोलल्या, "बसणार नाहीत माणसं, ठाऊक आहे मला. पण आबासाहेबांच्या कानावर घाला. आणि नाहीच जमलं तर जागा कुठलीही बघा, मी उभी राहीन. मामा मागं असला की झालं. एवढं लक्षात ठेवाल ना?" आम्ही म्हटलें, "हें काय विसरण्याजोगें आहे?" तो शब्द आमचा आहे, तो येथें जसाचा तसा लिहिला.

आम्ही खडकवण्यास गेलों, आवार मोजिलें, अडीचशें पानें भरलीं. बेलाची सांवली होती, विहीर जवळ होती, आणि आमच्या मनास ती जागा सर्वांहून बरी वाटली. मामांनीं गुळपाणी दिलें आणि दोरीचें एक टोंक स्वतः धरिलें. पुढें दरबारांत जागांची यादी वाचली, तेव्हां तें आवार आम्ही सर्वांच्या शेवटीं घातलें होतें. श्रीमंतांनीं विचारिलें, "याचा सुमार काय?" आम्ही म्हटलें, "अडीचशें." तेव्हां श्रीमंत हंसले, म्हणाले, "अडीचशें तर आमचे आचारीच आहेत!" आणि मग दरबार हंसला, आणि आम्हीही हंसलों. ही बाईसाहेबांची इच्छा आहे, हे चार शब्द बोलावयाचे होते. श्रीमंत मुलीवर जीव टाकीत. ऐकतेही कदाचित्, आणि चाळीस हजारांस जेवण दुसऱ्या दिवशीं दुसरीकडे घालते. परंतु दरबार हंसत होता आणि आम्हीही त्यांतलेच, म्हणून जीभ हलली नाहीं, आणि येसोपंतांनीं त्या ओळीवर काट मारिली.

अखेरीस वाघजाईचा माळ नक्की झाला. राजधानीहून दोन कोस, झाड नाहीं, पीक नाहीं, कोणाची मालकी नाहीं, कारण कोणास नको होता. मग सुतार, लोहार, बेलदार, सहाशें मनुष्य दोन महिने राबलें, आणि पूर्वपश्चिम पाऊण कोस लांबीचा मांडव उभा राहिला. पूर्वेस बोहलें, आणि मांडवास सात दरवाजे. एवढ्या जनांनीं एका दाराशीं रेटारेट करूं नये म्हणून आम्हींच युक्ति काढिली जे, ज्या गांवाची वाट ज्या दिशेची, त्या गांवास त्या बाजूचा दरवाजा. आणि एका दरवाजाच्या मनुष्यानें दुसऱ्यानें शिरूं नये, अशी चौक्यांस सक्त ताकीद. श्रीमंतांनीं या युक्तीबद्दल आम्हांस शालजोडी दिली. मग गांवगन्ना याद्या लिहिल्या, चोवीस दिवस लिहिल्या, बोटांस घट्टे पडले. खडकवणें पश्चिमेचें, म्हणून खडकवण्यास सातवा. त्यांत एक ओळ होती, "सटवोजी, घरचे असामी आठ," आणि तिच्यापुढेंही आम्ही इतरांप्रमाणेंच सातवा लिहिला आणि पुढल्या ओळीवर गेलों. डोळे तेथें अडखळले नाहींत. नवरीचा मामा हा आवतणाचा धनी नव्हे; त्यास मूळ पाठवावयाचें असतें, घरचें मनुष्य, पालखी, चार दिवस आधीं, हें लहान पोरास कळतें. परंतु राणीवशांत समजले जे मूळ कारभारी पाठवितील, कारभारी समजले राणीवशाकडून गेलें, आणि आम्ही तर कांहींच समजलों नाहीं. सर्व राज्यास आवतण गेलें असतां कोणी राहिला असेल हें कोणाच्या मनींच आलें नाहीं. खडकवण्याच्या पाटलानें गांवच्या अक्षता घरोघर वांटल्या, त्यांतल्या चार सटवोजींच्या दारींही टाकल्या, आणि मामांस नवरीचें आवतण पोंचलें तें तेवढें. इकडे बाईसाहेब हळदीस बसल्या आणि रोज विचारीत, "मामा आला?" आणि रोज कोणी तरी सांगे, "वाटेंत असतील."

लग्नाचे दिवशीं मामा पहांटेस बैलगाडींतून निघाले आणि दुपारीं माळाशीं आले. गाड्या अर्ध्या कोसावर सोडण्याचा हुकूम होता, तेथून ते काठी टेकीत चालत पूर्वेच्या दरवाजाशीं आले, बोहलें तिकडे म्हणून. पुढें जें झालें तें त्या चौकीच्या शिपायानेंच मागाहून आम्हांस सांगितलें. शिपायानें गांव विचारिलें आणि म्हणाला, "खडकवणं? सातवा दरवाजा. त्या तिकडं, पार टोकाला." मामा म्हणाले, "बाबा, म्या नवरीचा मामा हाय." शिपाई म्हणाला, "सकाळधरनं चौदा मामा झाले आज्जा. सगळ्यांना पुढं बसायचंय. हला." मामांनीं वाद घातला नाहीं. आपण मामा आहों हें दुसऱ्यानें सांगावें, आपण कां सांगत बसावें, असा त्यांचा स्वभाव. ते मांडवाच्या कडेनें पाऊण कोस पश्चिमेस गेले, बसत, उठत, पुन्हां बसत, आणि सातव्यानें आंत शिरले, आणि आंत शिरून पुन्हां पूर्वेकडे निघाले, तों मध्यें चाळीस हजार मनुष्य पंगतीला बसलेलें, पोरें पायांत, वाढपी अंगावर, आणि जो तो म्हणे, "अहो म्हातारबा, पान तुडवू नका, बसा की जागेवर."

इकडे गोरजवेळ झाली. जोशीबोवांनीं घटिकापात्र पाण्यांत सोडिलें. नवरदेव पाटावर उभे राहिले, अंतरपाट धरिला, आणि नवरीस आणावयास मामा, म्हणून हांक झाली, तों मामा नाहींत. येसोपंतांनीं सातही दरवाजांस स्वार पिटाळिले, परंतु पंगतींतून घोडा जाईना आणि त्या गजबजाटांत हांक ऐकूं येईना. घटिकापात्र भरत चाललें. बाईसाहेब पडद्याशीं उभ्या होत्या, म्हणाल्या, "मी मामाशिवाय येत नाही." श्रीमंत स्वतः गेले, त्यांस जवळ घेतलें, म्हणाले, "साळू, मुहूर्त टळतो, बाळ. चाळीस हजार लोक अक्षता हातीं घेऊन आहेत." बाईसाहेब म्हणाल्या, "आबासाहेब, मला त्यातला एकच पाहिजे होता." श्रीमंतांनीं इकडेतिकडे पाहिलें. आम्ही जवळ उभे होतों, यादीची गुंडाळी काखेंत धरून. म्हणाले, "तुम्ही वयानें वडील आहां. मामाच्या जागीं तुम्ही उभे राहा." आणि आम्ही राहिलों. आमच्या हातीं कट्यार दिली, त्या कट्यारीच्या टोंकास लिंबू. आम्ही नवरीच्या पुढें चार पावलें चालून तिला बोहल्याशीं आणिलें आणि मागें होऊन उभे राहिलों. बाईसाहेबांनीं मान वळवून पाहिलें आणि हळूच म्हणाल्या, "काका, तुम्ही लक्षात ठेवणार होता." मग मंगलाष्टकें झालीं, पात्र बुडालें, सावधान म्हटलें आणि अंतरपाट दूर झाला, तों नवरदेव माळ घेऊन समोर उभे, आणि बाईसाहेबांचें तोंड पश्चिमेकडे, त्या गर्दीकडे. श्रीमंत म्हणाले, "साळू, पुढें पाहा." तेव्हां त्यांनीं पुढें पाहिलें. लग्न लागल्याची खूण म्हणून दर शंभर पावलांवर निशाणवाले ठेविले होते, एकाचें पाहून दुसऱ्यानें हालवावें. पांचवा निशाणवाला जेवत होता, म्हणून सातव्या दरवाजाकडे खूण पोंचली तों सूनमुख होऊन नवराबायको उठलींही होतीं. मामा त्या वेळीं चौथ्या दरवाजाच्या आसपास होते. सभोंवारच्यांनीं अक्षता उधळल्या, तेव्हां त्यांनींही आपल्या हातच्या उधळल्या, आणि त्या पुढें बसलेल्या कोणा वाण्याच्या पागोट्यावर पडल्या. मग वरात पूर्वेच्या दरवाजानें निघून व्याह्यांच्या मुलुखाकडे गेली, कारण पुढला मुक्काम लांबचा होता.

दुसरे दिवशीं सकाळीं आम्ही माळावर गेलों, तों मांडवाचें कापड उतरत होतें आणि सातव्या दरवाजाशीं मामा बैल जुंपीत होते. घरचीं माणसें गाडींत बसलीं होतीं. आम्ही पुढें होऊन पायांवर हात ठेविला आणि म्हटलें, "मामा, ती यादी माझ्या हातची. मूळ गेलें नाहीं, तें पाहणेंही माझ्याकडे होतें." मामा जूं सारखें करीत राहिले. मग म्हणाले, "आवतान आलं तसं आलो. पाव्हनं म्हनून बोलावलं, पाव्हन्यागत जेवलो. लाडू चांगला व्हता." त्यांत राग नव्हता, राग असता तर आम्हांस सोसवला असता. मग विचारिलें, "पोर रडली का?" आम्ही म्हटलें, "नाहीं. मागें पाहत होत्या." "मागं कोन उभं व्हतं?" "मीच." तेव्हां मामांनीं प्रथमच आम्हांस नीट पाहिलें, पायांपासून पागोट्यापर्यंत. म्हणाले, "तिची आई गेली तवा चार वर्सांची व्हती. दचकून उठायची. पाठीवर हात ठेवला की निजायची, काढला की जागी. म्हनून ठरल्यालं व्हतं आमचं. लगीन लागताना म्या हात ठेवनार, म्हंजी ती भ्यायची न्हाई." मग कासरा हातीं घेतला आणि विचारिलें, "तुम्ही ठेवलावता का हात?"

आम्ही म्हटलें, "नाहीं."

मामांनीं बैल हांकले. गाडी गेली. पुढल्या आषाढांत ते खडकवण्यास वारले, आणि बाईसाहेब प्रथम माहेरीं आल्या त्या दिवाळीस. आजोळीं जाऊन आल्या आणि आम्हांस बोलाविलें नाहीं.

एवंच, लग्न थोर झालें. चाळीस हजार जेवले, राज्यांत एका घरावर धूर दिसला नाहीं, आणि डोंगरपट्ट्याचे सरदार पहिल्या दरवाजानें येऊन पहिल्या पंगतीस बसले. श्रीमंत मरेपर्यंत अभिमानानें सांगत जे, माझ्या साळूच्या लग्नास बोलावण्यावांचून कोणी राहिला नाहीं, आणि प्रत्येक वेळीं आमच्याकडे पाहत, आणि आम्ही मान हालवीत असूं. माळावर आतां पुन्हां कुसळें आहेत. बाईसाहेबांची पाठ आमच्यापुढें हातभर अंतरावर होती आणि कांपत होती, हें आम्ही त्या वेळीं पाहिलें होतें. मामांस हें सांगितलें नाहीं. लिहितांना जें चुकलें असेल तें वाचणारांनीं सुधारून घ्यावें. करतांना चुकलें तें सुधारतां येत नाहीं, म्हणून लिहून ठेविलें.